आत्याकडे बसने

"टॅक्सी नको गं ताई," धाकटी म्हणाली. "गाडीत मी तिकडे रोजच बसते. इथे तरी बसने जाऊ या ना. पूर्वीसारखं, सगळे एकत्र."

ताईच्या हातातला फोन हातातच राहिला. टॅक्सीवाल्याशी तिचं कालच बोलणं झालं होतं. रविवार सोडला तर रोज ती दोन बस बदलून दातांच्या लॅबमध्ये जायची, प्लास्टरचे जबडे आणि मेणाच्या हिरड्या करत दिवस काढायची आणि दोन बस बदलून परत यायची. आज तिला कुणाचं कोपर बरगडीत न घेता, मागे टेकून, काच वर करून जायचं होतं. नवा निळा ड्रेस तिने त्याच बेताने घातला होता.

आप्पा आरशासमोर भांग पाडत होते. त्यांनी मान न वळवताच निकाल दिला. "बेबी म्हणते ना, मग बसने जाऊ."

बेबी म्हणते ना! चाळिशी ओलांडलेल्या, परदेशात स्वतःचं घर असलेल्या बाईला या घरात अजून बेबी म्हणत, आणि बेबी म्हणेल ती पूर्व दिशा. ताई म्हणते ना, असं आप्पा कधी म्हणाल्याचं ताईला आठवत नव्हतं. ताई सांगायची आणि आप्पा कुरकुर करत ऐकायचे, एवढंच.

धाकटी आल्यापासून तर आप्पांनी ताळतंत्रच सोडलं होतं. एरवी दाढी करा म्हणून ताईला मागे लागावं लागायचं. आता सकाळी बेबी उठायच्या आधी गाल गुळगुळीत. कपाटातले नवे टॉवेल बेबीला. सोनेरी कडेचा कप बेबीला. बेबी आंघोळीला गेली की हे बाहेरून विचारणार, "पाणी पुरेसं गरम आहे ना गं?" ताईला मात्र दिवसभरात दोनच प्रश्न: मीठ कुठंय आणि माझा चष्मा कुठंय. हे सगळं बघून ताईचा जळफळाट होत होता. पोटात दुखतंय हे तिला कळत होतं, आणि आपलं वय बघता ते बरं दिसत नाही हेही कळत होतं. कळून काही फरक पडत नव्हता.

त्यात आजचं जेवण. आप्पांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आत्याने, बेबी आली म्हणून सगळ्या नातलगांना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जेवायला बोलावलं होतं. जेवण झालं की धाकटी आप्पांना कायमचं आपल्याकडे न्यायचा विषय सगळ्यांसमोर काढणार होती. आत्याचा शब्द आप्पा खाली पडू देत नाहीत, म्हणून तिथेच. ही बातमी भावाच्या बायकोने ताईच्या कानावर घातली होती, अर्थात कुणाला सांगू नका असं बजावून.

ताईने कुणालाच सांगितलं नाही. आपल्याला काहीच माहीत नाही असं दाखवत तिने मनात एकच धरलं होतं. धाकटी विचारेल, सगळे गप्प होतील, आणि आप्पा म्हणतील, "ताईला सोडून मी कुठे जाऊ?" चार लोकांत, मोठ्या आवाजात, आत्यालाही ऐकू जाईल असं. आईच्या मागे तिने हे घर आणि हा माणूस सांभाळला होता. तेवढं एक वाक्य मिळालं की बेबीला घरातले सगळे टॉवेल खुशाल देऊन टाकायची तिची तयारी होती.

"चला तर मग बसने," ताई म्हणाली आणि चपला बदलून आली. नव्या चपलांनी बसमागे धावता येत नाही.

थांब्यावर भाऊ आणि त्याची बायको आधीच येऊन उभे होते. तीन भावंडांतला हा मधला. लिफ्ट दुरुस्त करायचं काम करायचा आणि घरातही त्याचं वरखाली चालू असे. ज्याचं पारडं जड त्याच्या मजल्यावर हा थांबणार. सध्या तो धाकटीच्या मजल्यावर होता, कारण तिने त्याला भारी बूट आणि त्याच्या बायकोला कातड्याची पर्स आणली होती. दोघांनी आज दोन्ही वस्तू मिरवायला काढल्या होत्या.

"मस्त कल्पना आहे बेबी तुझी," तो म्हणाला. "बसमध्ये कशी मजा येते."

"तू शेवटचा बसमध्ये कधी बसलास?" ताईने विचारलं. त्याच्याकडे मोटरसायकल होती.

पहिली बस आली ती भलत्याच पाटीची. दुसरी आली, पण इतकी भरलेली, की ड्रायव्हरने थांब्याकडे बघायचंही टाळलं. तिसरी थांबली, पण खांबापासून बऱ्याच पुढे, आणि ही मंडळी धावत जाईपर्यंत दोन माणसं घेऊन निघून गेली. धाकटी धापा टाकत हसत होती. तिने पळणाऱ्या बसचा फोटो काढला. मग आप्पांना खांबाला टेकवून त्यांचा काढला.

"अजून अशीच धावायला लावतात!" ती कौतुकाने म्हणाली.

"हो," ताई म्हणाली. "अगदी रोज."

धाकटीने ते ऐकलं आणि तिचं हसू थोडं आखडलं. ताईचे टोमणे तिला समजत नव्हते असं नाही. ती समजून न समजल्यासारखं करत होती, कारण तिला भांडायचं नव्हतं, तिला आप्पा हवे होते. तिकडे ती एका प्रचंड गोदामात कामगारांच्या पाळ्या ठरवायची. रोज तासभर एकटी गाडी चालवत जायची आणि तासभर एकटी परत यायची. गाडीत रेडिओशिवाय कुणी बोलायला नाही. इकडच्यांना वाटायचं, बेबीची चैन आहे. बसच्या थांब्यावर चारचौघांत एकमेकांवर खेकसत उभं राहणं ही काय चीज आहे, हे तिने त्यांना कसं सांगावं?

आणि तिला तरी ताईचा हेवा वाटत नव्हता का? वाटत होता, चांगला सडकून वाटत होता. आप्पा ताईवर ओरडायचे. भाजीला चव नाही म्हणायचे. टीव्हीचा आवाज कमी कर म्हणून भांडायचे आणि पाच मिनिटांत तिलाच हाक मारायचे. धाकटीशी ते इतकं गोड बोलायचे, की तिला परक्याच्या घरी उतरल्यासारखं वाटायचं. सोनेरी कडेच्या त्या कपाचा तर तिला राग आला होता. तिला ताईचा, कान तुटलेला कप हवा होता. पण ताई खोलीत असली की आप्पांची नजर ताईकडेच. म्हणून त्यांना अशा ठिकाणी न्यायचं, जिथे ताई नसेल. एवढा साधा हिशेब होता तो.

चौथी बस थांबली. भरलेली होती, पण थांबली. चढताना एका दंडाला ताईने धरलं, दुसऱ्याला धाकटीने, आणि आप्पा दारात अडकले.

"अगं, एकीने तरी सोडा!" ते ओरडले. मागून चार माणसं ओरडली. दोघींनी एकदमच सोडलं आणि आप्पा कुणाच्या तरी पिशवीवर जाऊन आदळले. तेवढ्यात एका कॉलेजातल्या मुलीने उठून त्यांना जागा दिली. शेजारची जागा रिकामी झाली, आणि ताईने पर्स पुढे टाकायच्या आत धाकटी तिथे बसली होती. इतक्या वर्षांनीही पोरीचा हात साफ होता.

कंडक्टर आला. धाकटीने पुढे होऊन आप्पांचं तिकीट काढलं. तो मागे सरकला तेव्हा ताईनेही आप्पांचं काढलं आणि दोन माणसांच्या डोक्यांवरून त्यांच्या हातात दिलं.

"माझं झालंय," आप्पा म्हणाले.

"असू द्या," ताई म्हणाली. "माझंही असू द्या."

ती दांड्याला लटकत उभी होती. एकाची तेलकट पिशवी तिच्या निळ्या ड्रेसला पुसली जात होती आणि कुणीतरी तिच्या पायावर बेधडक उभं होतं. अशात तिला पुढच्या सीटवरचं बोलणं ऐकू आलं. धाकटी आप्पांना सांगत होती, "तिकडे पक्के दात बसवतात, आप्पा. हाडात. काढा-घाला काही नाही. ही कवळी किती दिवस वापरणार?"

ती कवळी ताईने केली होती. दाताचा रंग जुळावा म्हणून आप्पांचे तरुणपणीचे फोटो खिडकीत धरून बघितले होते. पुढचा एक दात मुद्दाम किंचित तिरका ठेवला होता, कारण आप्पांचा होता तसा. लॅबमधल्या साहेबांनी ती कवळी चार लोकांना दाखवली होती. ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. नेमकी त्याच वेळी एक बाई कडेवर तान्हं बाळ घेऊन तिच्यासमोर येऊन टेकली.

"बेबी," ताई सगळ्या बसला ऐकू जाईल अशी म्हणाली, "बाळाला घेऊन उभी आहे गं ती. तिकडे अशांना जागा द्यायची पद्धत नाही का?"

आजूबाजूच्या सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. तिला उठावंच लागलं. उठली तशी गर्दीने तिला पुढच्या दाराकडे ढकलत नेलं. मधला आणि त्याची बायको तिथेच होते. ताईला जागा मिळाली नाहीच, पण धाकटीचीही गेली, याचा तिला भरपूर आनंद झाला. त्या आनंदात ती मागच्या दाराकडे कधी सरकली हे तिचं तिलाही कळलं नाही. मध्ये आप्पा, त्यांच्या शेजारी बाई आणि बाळ.

यानंतर जे झालं ते याच कुटुंबात होऊ शकत होतं.

आप्पा आयुष्यभर लोकांच्या खिडक्यांना काचा बसवत आले. गाडी परवडायची नाही. भलीमोठी काच गोणपाटात गुंडाळून, दोन्ही हातांनी कवटाळून ते बसमध्येच उभे राहायचे. मुलं सुट्टीत बरोबर असायची. हात गुंतलेले, आवाज गर्दीत पोचायचा नाही, म्हणून उतरायची वेळ आली की आप्पा बोटातली अंगठी लोखंडी दांड्यावर दोनदा वाजवायचे. टक टक. ती वाजली की मुलांनी मिळेल त्या दाराने उतरायचं आणि मागे वळून बघायचं नाही. कुणी वळलं की दारात खोळंबा होतो, आणि खोळंबा झाला की काच फुटते. आप्पा सगळ्यांत शेवटी, बस रिकामी झाल्यावर उतरायचे.

टक टक.

ताई मागच्या दाराने उतरली. धाकटी पुढच्या दाराने उतरली. इतकी वर्षं परदेशात काढली, पण पाय विसरले नव्हते. मधला उतरला आणि त्याने बायकोला ओढून उतरवलं. चौघांतल्या कुणी मागे वळून बघितलं नाही. बसने धूर सोडला आणि ती निघाली. ताईने मान वर केली तेव्हा खिडकीतून आप्पा दिसले. ते समोर बघत होते, ताठ, आणि त्यांच्या मांडीवर ते बाळ होतं.

"आप्पा तुझ्याकडे नव्हते?" ताई ओरडली.

"तुझ्याकडे नव्हते?" धाकटी ओरडली.

मधला बसमागे धावला. नवे बूट चावत होते, त्यामुळे फार धावला नाही.

तो परत आला तेव्हा दोघी समोरासमोर उभ्या होत्या आणि त्याची बायको दोघींपासून सारख्या अंतरावर. एका बाजूला बंद टायरचं गोदाम, दुसऱ्या बाजूला लांबच लांब भिंत. मधल्याने इकडेतिकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "अरे, हा आत्याचा थांबा नाहीच! तो तर कितीतरी पुढे आहे."

"म्हणजे आप्पांनी चुकीच्या ठिकाणी वाजवलं?" त्याची बायको म्हणाली.

"बघितलंस ताई?" धाकटीचा आवाज चढला. "त्यांना आता समजत नाही. त्यांना एकटं सोडून तू दिवसभर कामाला जातेस. उद्या असेच कुठेतरी निघून गेले तर?"

"बरोबर आहे बेबीचं," मधला म्हणाला.

"फोन लाव त्यांना," धाकटी म्हणाली.

ताईने पर्स घट्ट धरली. धाकटीने स्वतःच फोन लावला. ताईच्या पर्समध्ये आप्पांचा फोन वाजायला लागला.

"त्यांचा फोन तुझ्याकडे?"

"ते हरवतात. दोनदा हरवला. म्हणून मीच ठेवते."

"फोन तुझ्याकडे, चष्मा तुझ्याकडे, माणूस तुझ्याकडे!" धाकटी ओरडली. "सगळं धरून बसलीस. मला काय ठेवलंस?"

"तुला?" ताई हसली, पण ते हसू ऐकून मधला एक पाऊल मागे सरला. "तुला काय कमी पडलं गं? तू यायची म्हणून हे दाढी करतात. माझ्यासाठी कुणी कधी दाढी केली नाही. मी पडद्यासारखी आहे त्या घरात. लावलेली आहे, म्हणून आहे. आणि तू आत्याच्या पंगतीत बसून त्यांना घेऊन जायचं ठरवतेस! मला विचारायचीही गरज वाटली नाही?"

धाकटी एकदम थांबली. "तुला कुणी सांगितलं?"

तिघांनीही मधल्याच्या बायकोकडे पाहिलं. तिने पर्सचा बंद चाचपला.

"मला वाटलं, ताईंना माहीत असेल," ती म्हणाली. मग तिला वाटलं, आता लपवून उपयोग नाही. "आणि खरं सांगू का बेबी, ताईंचं काही चुकलं नाही. रात्री-अपरात्री दवाखान्यात कोण धावतं? मागच्या वर्षी आप्पा जिन्यात पडले तेव्हा आम्हालासुद्धा दुसऱ्या दिवशी कळलं."

"तेही बरोबर आहे," मधला म्हणाला.

"तू गप्प बस!" दोघी बहिणी एका सुरात म्हणाल्या. त्या दिवसात त्यांचं एकमत झालेली ती पहिलीच गोष्ट.

मधल्याचा फोन वाजला. आत्या होती. पानं वाढायची खोळंबली आहेत, सगळे आले, तुम्ही कुठे उलथलात? मधल्याने सांगितलं, बस जरा चुकली. आप्पा चुकले हे सांगायची त्याची छाती झाली नाही. "माणसं पाहुणीला बसने आणतात का रे?" आत्या म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

टॅक्सी दिसेना. त्या रस्त्यावर रविवारी कुत्रंही फिरकत नव्हतं. अॅपवर एक गाडी जवळ येताना दिसायची आणि मग भलतीकडेच वळायची. धाकटीने आता एकही फोटो काढला नाही. ती रस्त्याच्या मधोमध जाऊन बस येते का बघत होती, परत येत होती, पुन्हा जात होती. चौथ्या-पाचव्या खेपेला ती रडवेली झाली. "कधी येते इथे बस? काही वेळापत्रक वगैरे?"

"येते तेव्हा येते," ताई म्हणाली. मग तिला धाकटीच्या तोंडाकडे बघून जरा दया आली. दयेबरोबर थोडं समाधानही झालं, ते तिने लपवलं नाही. "कडेला उभी राहा. उन्हात चक्कर येईल."

शेवटी एक बस आली. चौघं चढले. प्रत्येक थांब्यावर एक खिडकी मधला आणि दुसरी त्याची बायको बघत होती. आत्याचा थांबा आला, गेला. तिथे आप्पा नव्हते. बस शेवटच्या थांब्याला लागली.

शेवटचा थांबा म्हणजे एक मोठं पटांगण, उभ्या बसच्या रांगा आणि पत्र्याचं एक कॅन्टीन. कॅन्टीनबाहेरच्या बाकावर आप्पा बसले होते. बूट काढून शेजारी ठेवलेले, हातात चहा. ते एका झोपलेल्या ड्रायव्हरच्या पायांकडे बघत होते.

"आप्पा!" दोघी धावल्या. पोचल्यावर मात्र दोघीही थांबल्या. आधी कुणी हात लावायचा हे ठरेना.

"आलात?" आप्पा म्हणाले. "बराच वेळ लावलात."

"तुम्ही चुकीच्या थांब्यावर वाजवलंत," मधला समजुतीने म्हणाला, जसं लहान मुलाला सांगतात. "होतं असं वयाने."

आप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो बूट बघायला लागला. "या शहरातला एकेक थांबा मला काच धरून पाठ झालाय. चुकीच्या थांब्यावर मी आयुष्यात वाजवलं नाही. तुम्हाला उतरवायचं होतं, म्हणून वाजवलं. आणि उतरलात की नाही? चौघंही! एकाने मागे वळून बघितलं नाही." त्यांना त्याचा अभिमान वाटत होता हे उघड दिसत होतं.

"पण का?" ताईने विचारलं.

"मला बसायचं होतं. एकट्याला, खिडकीशी, शेवटपर्यंत. एका कानात ताई, दुसऱ्या कानात बेबी. एका माणसाची दोन-दोन तिकिटं. आत्याकडे गेल्यावर तुम्ही दोघी मला चारचौघांत उभं करून विचारणार. मला ऐकू येतं, बरं का. दिसत नाही नीट, पण ऐकू येतं. म्हटलं, आधी स्वतःलाच विचारून बघू."

"मग?" धाकटीने विचारलं.

आप्पांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. ताई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. पंगत नव्हती, आत्या नव्हती, पण चार लोक तर होते. इथे म्हणाले तरी चालेल, तिला वाटलं. बसच्या या भिकार तळावर म्हणाले तरी चालेल.

"मी जाणार आहे बेबीकडे," आप्पा म्हणाले.

मधल्याच्या बायकोने हळूच ताईचा हात धरला. ताईने तो सोडवून घेतला.

"काय कमी पडलं माझ्याकडे?"

"काही नाही. तुझ्याकडे काय कमी पडणार?" आप्पांचा आवाज मऊ झाला. मग ते काहीसे लाजत म्हणाले, "अगं, मी कधी पाहुणा झालोच नाही. लोकांच्या घरी जायचो ते काच घेऊन. मागच्या दाराने. पाणीसुद्धा मागून घ्यायचो. आणि ही आली, तर काय थाट! नवा टॉवेल, चांगला कप, पाणी गरम आहे का, बसने जायचंय का. मीच करतोय सगळं, आणि करता करता मलाच हेवा वाटायला लागला. म्हटलं, एकदा आपल्यालाही कुणीतरी असं विचारावं."

धाकटीचे डोळे भरले. "पाहुणे कशाला आप्पा? तुमचंच घर आहे ते. तुम्ही ओरडा माझ्यावर, भाजीला नावं ठेवा. मला ते हवंय."

"छे छे," आप्पा घाईने म्हणाले. "असं म्हणू नकोस. मग तू पण मला कोपऱ्यात ठेवशील. मी पाहुणा म्हणूनच येणार."

"म्हणजे… किती दिवस?" धाकटीच्या तोंडून निघून गेलं.

"पाहुण्याला असं विचारतात का?" आप्पा म्हणाले.

मधल्याला हसू आलं, पण हसायला आता कुठल्या मजल्यावर जायचं हे त्याला कळेना. धाकटीला हवं ते मिळालं होतं. नेमकं काय मिळालं, हे तिला आत्ता कळत होतं. समोर एक गुळगुळीत दाढी केलेला, गोड बोलणारा म्हातारा आपल्याच घरात सोनेरी कडेच्या कपाची वाट बघत बसलेला तिला दिसत होता.

ताई बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. तिला रडू आलं नाही. राग आला, आणि तो धाकटीचा नव्हता हे तिला जाणवलं. ती आप्पांकडे बघत होती. या माणसाला उठून जाता येत होतं. हवंसं वाटलं, एवढं म्हणून जाता येत होतं. तिला आप्पांचाच हेवा वाटत होता.

"बेबी," ती म्हणाली. "तुझ्या घरात खोल्या किती गं?"

"तीन. का?"

"इतक्या वर्षांत मला एकदा तरी ये म्हणालीस?"

धाकटी गोंधळली. "तू आली नसतीस, ताई. आप्पांना सोडून तू कुठे…"

"नसते आले. पण विचारायचं तरी होतंस. मी नाही म्हणाले असते. मला नाही म्हणायला मिळालं असतं."

आप्पा बूट घालायला लागले. त्यांना लेस सापडेना. एरवी ताई वाकली असती. ती वाकली नाही. ती धाकटीकडे बघत राहिली. आता आप्पा जाणारच होते. आता सोडून यायला कुणी उरलं नव्हतं. आता विचारता येत होतं. दोन शब्दांचं काम होतं.

धाकटीलाही ते कळलं. तिने तोंड उघडलं. मग तिच्या मनात आलं, ताई तिथे आली की आप्पा चष्मा कुणाला विचारतील? ती आप्पांकडे बघायला लागली, मग पटांगणाकडे.

समोरच्या रांगेतून एक बस हलली, वळली आणि नेमकी त्यांच्या बाकासमोर येऊन उभी राहिली. अख्खी रिकामी. आत्याच्या थांब्याचीच पाटी होती.

"बस आली," धाकटी म्हणाली.